बाटलीतला परका

दुकानदारानं पिशवीत भरून दिला तेव्हा तो माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा जेमतेम मोठा होता. काळाकुळकुळीत मासा, कपाळावर एक पांढरा ठिपका आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक. "साहेब, आधी डॉमिनो टाका. हा मरत नाही," असं म्हणत त्यानं पिशवीला रबर बँड गुंडाळला. त्याचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. डॉमिनो मेला नाही. सात महिन्यांत त्याच्या शेजारचे दोघे मेले.

घरातली खाऱ्या पाण्याची टाकी नवी असते तेव्हा तिच्यात मासे सोडण्याआधी पाणी 'सायकल' व्हावं लागतं. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी; नायट्रेट बऱ्याच प्रमाणात सोसतं. हे जीवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात त्यांना अमोनियाचा खुराक हवा, म्हणून एखादा चिवट, स्वस्त मासा आधी सोडायचा ही जुनी पद्धत. या कामाला डॅमसेल कुळातले मासे वापरतात. डॉमिनो त्यातलाच, शास्त्रीय नाव डॅसिलस ट्रायमॅक्युलॅटस. लाल समुद्रापासून पॅसिफिकपर्यंतच्या प्रवाळांत तो राहतो आणि पुढे साडेपाच इंचांपर्यंत वाढतो. नखाएवढा मासा विकत घेताना हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

माझी टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर 191 लिटर. त्यात पाच आठवडे एकटा डॉमिनो. सगळे दगड त्याचे, सगळी भोकं त्याची, सकाळ-संध्याकाळ पडणारं खाणं त्याचं. सहाव्या आठवड्यात मी एक फायरफिश आणला, बोटाएवढा, पांढऱ्या-केशरी रंगाचा, अत्यंत भित्रा. चौथ्या दिवशी तो टाकीत दिसेना. शेवटी चपलांच्या स्टँडमागे सापडला, वाळलेल्या मांदेलीसारखा. टाकीवर जाळी नव्हती. फायरफिश घाबरला की उडी मारतो हे मला नंतर कळलं, आणि त्याला घाबरवलं कोणी याचा अंदाज त्याच्या फाटलेल्या शेपटीवरून आला.

मग क्लाउनफिश आणला. मुलीसाठी तो निमो. "बाबा, तो निमोला खाली येऊच देत नाहीये," तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. निमो वरच्या कोपऱ्यात, पाणी परत येणाऱ्या पाइपामागे, तोंड वर करून उभा. कल्ले भराभर हलत होते. खाणं टाकलं की तो हातभर खाली यायचा, डॉमिनो दगडाआडून सुटायचा, की हा पुन्हा कोपऱ्यात. मारामारी अशी दिसतच नव्हती, आणि मी नेमका तिथे फसलो. पाठलाग थांबला म्हणजे भांडण मिटलं असं मला वाटलं. खरं तर एकानं कोपरा धरला होता, एवढंच. सतत ताणाखाली असलेल्या माशाची रोगप्रतिकारशक्ती ढासळते. निमोच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले आणि आठवड्याभरात तो गेला. ठिपक्यांचा परजीवी बहुधा निमोबरोबरच आला असावा, कारण मी त्याला वेगळ्या टाकीत न ठेवता थेट आत सोडलं होतं. पण तोच परजीवी अंगावर असताना डॉमिनो मजेत फिरत होता.

गंमत अशी की समुद्रात डॉमिनोची पिल्लं सी अ‍ॅनिमोनी या दगडाला चिकटून राहणाऱ्या प्राण्याच्या दोऱ्यांसारख्या हातांमध्ये राहतात, बऱ्याचदा क्लाउनफिशच्याच शेजारी. म्हणजे या दोघांचं जन्मजात वैर वगैरे काही नाही. मग माझ्या बैठकीच्या खोलीत असं काय झालं?

या प्रश्नाच्या आसपास एक छान प्रयोग आहे. आर्थर मायरबर्ग आणि रोनाल्ड थ्रेशर यांनी 1974 साली अटलांटिकमधल्या थ्रीस्पॉट डॅमसेलवरचं काम प्रसिद्ध केलं. हा मासा आपल्या जागेची कडक राखण करतो. संशोधकांनी काय केलं, तर दुसरा मासा पारदर्शक बाटलीत घालून ती बाटली हळूहळू त्याच्या हद्दीकडे सरकवली आणि मालक कुठल्या अंतरावर अंगावर येतो ते मोजलं. बाटलीत स्वतःच्याच जातीचा मासा असेल तर हल्ला सर्वात लांबून. दुसऱ्या जातीचा असेल तर त्याला आणखी जवळ येऊ दिलं जाई, आणि किती जवळ ते जातीनुसार बदले. म्हणजे हद्द ही एकच रेघ नसते. एकाच माशाभोवती, समोर कोण आहे त्यावर अवलंबून, एकात एक अशी अनेक कुंपणं असतात. आपल्यासारखाच खाणारा, आपल्याच बिळात झोपणारा, आपल्याच जोडीदारावर डोळा ठेवणारा जितका, तितकं कुंपण लांब.

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लॉरेन्झ यांनी याआधीच, 1963 मध्ये, प्रवाळातल्या भडक रंगांच्या माशांबद्दल असं मांडलं होतं की हे रंग म्हणजे आपल्या जातभाईंना दाखवलेली पाटी: ही जागा घेतलेली आहे. लॉरेन्झ यांना पुढे 1973 चं नोबेल मिळालं. रंगांचा हा नियम सगळ्या माशांना काही लागू पडला नाही. जपानच्या ओकिनावा बेटाजवळ राहणारा एक डॅमसेल रंगानं अगदी मळकट, पण तो शेवाळाची शेती करतो. एकाच प्रकारचं शेवाळ वाढवतो, नको ते तण तोंडानं उपटून बाहेर टाकतो आणि शेवाळ खाणारा कोणीही आला, मग तो कुठल्याही जातीचा असो, त्याला हाकलतो. शेत म्हटल्यावर बांध आला आणि बांध म्हटल्यावर भांडण आलं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

2024 मध्ये ओकिनावातल्याच संशोधकांनी क्लाउनफिशबद्दल दाखवलं की हा मासा समोरच्याच्या अंगावरचे पांढरे पट्टे मोजतो. स्वतःला तीन पट्टे, म्हणून तीन पट्टेवाल्या नकली माशावर सर्वात जास्त तुटून पडला. दोनवाल्यावर त्याहून कमी. पट्टेच नसलेल्याला फारसं विचारलं नाही. घरच्या टाकीसाठी यातून एक उपयोगी गोष्ट निघते. दुकानात मासे निवडताना 'हा मासा शांत आहे का' एवढंच विचारून भागत नाही. आत जो आहे त्याच्याशी आकार, रंग, ठेवण आणि खाणं यांत याचं किती जुळतं, ते पाहायचं. एका पिवळ्या टँगच्या घरात दुसरा पिवळा टँग आणणं म्हणजे आगीशी खेळ. टँगच्या शेपटीच्या बुडाशी वस्तऱ्यासारखा काटा असतो आणि तो नुसता शोभेचा नसतो.

आता माझ्या टाकीकडे. समुद्रात हरलेला मासा पळतो, कुंपणाबाहेर जातो, आणि मालक मागे फिरतो. पाठलागाला शेवट असतो. तीन फुटांच्या काचेत मालकाचं कुंपण काचेपाशीच संपतं, बाहेर जागाच नाही. हरलेला मासा पळून पळून पुन्हा मालकाच्याच नजरेसमोर येतो आणि मालकाच्या लेखी ती नवी घुसखोरी असते. त्यात मी त्याला पाच आठवडे आधी बसवलं होतं. आधीपासून राहणारा नव्याला सहसा हरवतो, अंगानं लहान असला तरी अनेकदा. हे माशांत, पक्ष्यांत, कीटकांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणजे गुंड मी पिशवीतून आणला नव्हता. मीच तो टाकीत घडवला होता, चिवट म्हणून आधी सोडून.

आज करायचं तर मी मासा न टाकता सायकल करीन. कच्च्या कोळंबीचा एक तुकडा टाकीत सोडायचा, तो कुजतो, अमोनिया देतो, जीवाणू वाढतात. घरात दोन-चार दिवस वास येतो आणि घरचे बोलतात, पण कोळंबी पुढे कोणाच्या अंगावर जात नाही. मग सर्वात भित्रे मासे आधी आणि दांडगे सर्वात शेवटी.

पण माझ्याकडे तर डॉमिनो आधीच होता. त्याला काढायचं ठरवलं. जाळीनं दगडांतला डॅमसेल धरणं हा प्रकार ज्यानं केला आहे त्यालाच ठाऊक. अर्धा तास पाणी गढूळ झालं, हाताला दोन चावे बसले (चावा लागत नाही, पण माणूस दचकतो), मासा जिथल्या तिथे. शेवटी पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा वरचा भाग कापला, उलटा करून नरसाळ्यासारखा परत आत बसवला आणि तळाशी कोळंबीचा तुकडा ठेवला. हावरटपणा कामी आला. वीस मिनिटांत महाराज बाटलीत. टाकीखालच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या कप्प्यात, त्याची दहा दिवसांची रवानगी झाली.

त्या दहा दिवसांत दगडांची मांडणी पूर्ण बदलली. ओळखीचं बीळ, ओळखीचा कोपरा, ओळखीची सावली गेली की मालकी कशावर सांगणार? मात्र वाळूचा थर जाड आणि जुना असेल तर ती उकरू नये. खाली ऑक्सिजन नसलेल्या भागात विषारी वायू साठलेला असू शकतो. आणि दगडांचं म्हणाल तर आपल्याकडे खरे प्रवाळ आणि त्यांचे दगड काढणं-विकणं गुन्हा आहे. 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परदेशातल्या टाक्यांचे फोटो पाहून मोह होतो खरा, पण माझे दगड सिरॅमिकचे आहेत. माशांना फरक पडलेला मला तरी दिसला नाही. त्यांना फक्त आडोसा हवा, एकमेकांपासून नजर तोडणारा.

नव्या मांडणीत क्लाउनफिशची जोडी सोडली, या वेळी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून. जोडी घेताना मुद्दाम एक मोठा, एक लहान घेतला. यालाही कारण आहे. क्लाउनफिशमध्ये सर्वात मोठी ती मादी, दुसरा नर, बाकीचे रांगेत. संशोधक पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीत पाहिलं की रांगेतला मासा आपली वाढ आवरून धरतो, जेणेकरून वरच्याशी ठराविक फरक राहावा आणि आपल्याला हाकललं जाऊ नये. हे काम 2003 मध्ये प्रसिद्ध झालं. सारख्या आकाराचे दोन मोठे क्लाउनफिश एकत्र टाकले तर 'मादी कोण' हे ठरेपर्यंत परांच्या चिंध्या होऊ शकतात.

अकराव्या दिवशी डॉमिनो परत आला, पण थेट मोकळा नाही. आधी भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात, टाकीच्या आतच. डबा पाहून मला ती 1974 ची बाटली आठवली. फरक इतकाच की आता बाटलीतला परका डॉमिनो होता. पहिल्या दिवशी क्लाउन मादी डब्यावर धडका मारत होती. दुसऱ्या दिवशी कमी. चौथ्या दिवशी ती त्याच्यासमोरून खाणं टिपत गेली आणि वळून पाहिलंही नाही. रोज दिसणारा, आणि तरी काहीच न बळकावणारा शेजारी हळूहळू धोका वाटेनासा होतो. पाचव्या दिवशी संध्याकाळी, दिवे मालवल्यावर, डबा उघडला. डॉमिनो बाहेर आला आणि तासभर पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या, मागे लपून बसला. मला, खरं सांगतो, थोडा आनंद झाला.

अजून एक युक्ती काहीजण करतात: टाकीच्या बाहेरून काचेला आरसा लावायचा. दांडगा मासा आपल्याच प्रतिमेशी भांडत बसतो आणि नव्याला श्वास मिळतो. थोड्या वेळासाठी ठीक आहे. दिवसभर ठेवला तर आरशापुढचा मासाही दमतो, कारण समोरचा कधी हरतच नाही.

पुढचं दीड वर्ष बरं गेलं. मग डॉमिनो तीन इंचांच्या पुढे गेला, कपाळावरचा ठिपका पुसट झाला, रंग करडा पडत चालला आणि एका बाजूचा सगळा दगड पुन्हा त्याचा झाला. मांडणी आणखी एकदा बदलली. या वेळी तिसऱ्या दिवशी त्यानं नवी हद्द आखून टाकली. तीन फुटांत प्रौढ डॉमिनो बसत नाही, हे तिथे मान्य केलं. नाशिकच्या एका मित्राकडे सहा फुटांची टाकी आहे, साडेसहाशे लिटरच्या वरची, त्यात एक पिकासो ट्रिगर आणि एक फॉक्सफेस असे दोन मासे. "दे माझ्याकडे, माझे दोघं त्याला सरळ करतील," मित्र म्हणाला.

दिवाळीत त्याच्याकडे गेलो. ट्रिगर टाकीभर गस्त घालत होता. डॉमिनो डाव्या टोकाच्या दोन दगडांमध्ये होता, ट्रिगर आला की आत, गेला की बाहेर. त्याची जागा आता जेमतेम ताटाएवढी होती. मी काचेपाशी वाकून त्या दोन दगडांसमोर बोट टेकवलं. डॉमिनोसारखे मासे जबड्यातले दात आपटून आवाज काढतात, शांत खोलीत तो काचेतूनही कळतो. आतून आवाज आला, टॉक.