धूर बाहेर, ऊब आत: तंबूतल्या सॉनाच्या शेगडीची पार्श्वभूमी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत सॉना म्हटलं की क्लबहाउसातली नाहीतर जिममधली लाकडी फळ्यांची बंद खोली आठवते. बटण दाबायचं, काटा 80 अंशांवर गेला की आत जाऊन बसायचं. घडी करून गाडीच्या डिकीत टाकता येणारा तंबू, त्यात लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी आणि वर निघालेलं धुराडं, हा प्रकार त्यापुढे नवा वाटतो. पण विजेच्या सॉनाचं वय शंभरीच्या आतलं आहे आणि तंबूत बसून घाम काढण्याचं वर्णन अडीच हजार वर्षांपूर्वीचं सापडतं. एवढ्या काळात उष्णता मिळवणं माणसाला कधी जड गेलं नाही. जड गेलं ते धूर वेगळा काढणं. शहापूर-मुरबाडकडच्या शेतघरावर असा तंबू लावायचा बेत असेल, त्याला हा इतिहास कामाचा आहे.

इ.स.पू. 5 व्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने शकांबद्दल लिहिलं आहे. अंत्यविधी उरकल्यावर ते लोक तीन काठ्या एकमेकींना टेकवून उभ्या करत, त्यावर लोकरीचं जाड कापड ओढत, आत भांड्यात लालभडक तापलेले दगड ठेवत आणि त्यावर भांगेच्या बिया टाकत. 1947 ते 1949 या काळात रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेंको यांनी अल्ताय पर्वतातल्या पाझिरिक इथल्या थडग्यांचं उत्खनन केलं, तेव्हा बर्फात गोठून राहिलेला तोच संच हाती आला: काठ्यांचा सांगाडा, दगडांनी भरलेलं काशाचं भांडं आणि भांगेच्या बिया. काठ्या मात्र सहा होत्या. महत्त्वाचं हे की तंबूच्या आत आग नव्हती. आग बाहेर पेटवायची आणि आत फक्त दगड आणायचे. उत्तर अमेरिकेतले लाकोटा लोकही आपल्या घामाच्या झोपडीत असेच बाहेर तापवलेले दगड नेतात.

आपल्याकडे आग आत आणण्याचं धाडस झालं आणि त्याचे नियमही लिहिले गेले. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, वैशालीच्या भिक्षूंची हकिकत आहे. चांगलंचुंगलं खाऊन ते आजारी पडू लागले, तेव्हा जीवक वैद्याने बुद्धांना दोन गोष्टी सुचवल्या: चालण्यासाठी चंक्रम आणि घाम काढण्यासाठी जंताघर. पुढची नोंद वाचताना एकेक अडचण आणि तिच्यावर दिलेली परवानगी असं सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. खोली लहान असेल तर आगटी एका बाजूला, मोठी असेल तर मध्यभागी. तोंड भाजतं, म्हणून तोंडाला माती लावायला परवानगी. खोलीत धूर कोंडतो, म्हणून धूर जायला वाट ठेवायला परवानगी. धुराड्याची गरज इतक्या साध्या शब्दांत इतक्या लवकर नोंदली गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला 14 वा अध्याय स्वेदनाचा आहे. अग्नीच्या साहाय्याने करायचे 13 प्रकार त्यात दिले आहेत. त्यातला जेंताक म्हणजे पाण्याकाठी बांधलेलं, 16 हात उंच-रुंद, गोल मातीचं घर. त्याला अनेक झरोके. मधोमध पुरुषभर उंचीची, बारीक भोकांची, झाकण असलेली मातीची भट्टी आणि तिच्यात खैर किंवा अश्वकर्णाची लाकडं. लाकडं नीट जळून धूर संपला आणि घर पुरतं तापलं, की मगच अंगाला तेल लावलेल्या माणसाला आत सोडायचं. भिंतीलगत दारापर्यंत कट्टा फिरवलेला असतो. घेरी आली तरी कट्टा सोडू नकोस, सोडलास तर दार सापडणार नाही आणि प्राण जाईल, असं त्या माणसाला आधीच बजावायचं. बाहेर पडायचं तेही कट्ट्याच्या आधाराने, आणि लगेच थंड पाण्याला हात लावायचा नाही. फिनलंडचे लोक सॉनातून निघून थेट गोठलेल्या तळ्यात उतरतात. या एका बाबतीत दोन्ही परंपरांचं जमत नाही.

बाकी बाबतीत मात्र चांगलंच जमतं. फिनलंडचा जुना सॉना धुराचा. त्याला धुराडं नसे. दगडांच्या राशीखाली तासन् तास आग ठेवायची, धूर खोलीतच फिरू द्यायचा, निखारे विझले की दार उघडून हवा खेळू द्यायची आणि मग आत जाऊन दगडांवर पाणी मारायचं. एस्टोनियाच्या वोरोमा भागातली ही रीत 2014 मध्ये आणि फिनलंडची सॉना-संस्कृती 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. विसाव्या शतकात धुराड्याच्या लोखंडी शेगड्या रुळल्या आणि आग चालू असतानाच आत बसता येऊ लागलं. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडच्या सैनिकांनी आघाडीवरसुद्धा सॉना उभारले.

तंबूत शेगडी ठेवण्याची युक्ती एका दुसऱ्याच फौजेतून आली. अमेरिकी अधिकारी हेन्री सिबली यांनी तिथल्या मूळ रहिवाशांचे शंकूसारखे तंबू पाहून 1856 मध्ये आपल्या तंबूचं पेटंट घेतलं. त्यांच्या नावाची शंकूच्या आकाराची पत्र्याची शेगडी पुढे कित्येक दशकं त्या सैन्यात वापरात होती. तिला तळ नसे, ती थेट जमिनीवर बसे आणि नळी तंबूबाहेर निघे. आजच्या तंबू-सॉनाची मांडणी हीच आहे. फक्त वर दगडांची जाळी आली आणि नळी कापडातून जिथे बाहेर पडते तिथे आग न धरणारं अस्तर आलं.

ही नळी आपल्याला अनोळखी नाही. तांब्याच्या बंबात मधल्या नळकांड्यात करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्या जळत, राख खाली पडे आणि पाणी भोवती तापे. गॅस आणि गिझर आले तसे ठाण्याच्या वाड्यांतले बंब माळ्यावर गेले. 1970 मध्ये सिडको स्थापन झाल्यावर उभ्या राहिलेल्या नवी मुंबईच्या इमारतींत तर त्यांना जागाच नव्हती. घामाची घरगुती रीत म्हणजे बाळंतिणीची शेक-शेगडी. बाजेखाली निखारे आणि वर ओवा-शेपांची धुरी.

इथेच मोठा धोका आहे. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. पण अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. दोन मीटर लांब, रुंद आणि उंच तंबूत जेमतेम 8 घनमीटर हवा मावते. म्हणून उघडी शेगडी किंवा कोळशाचं घमेलं अशा तंबूत कधीही नेऊ नये. दाराची, धुराड्याची बंद शेगडीच हवी, खालून हवा यायला फट हवी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. दमट, पडलेल्या हवेत थंड नळी सुरुवातीला धूर ओढत नाही, तो उलटा आत येतो. आधी नळीत पेटता कागद धरून ती तापवली की ओढ लागते.

लाकूड कोरडं हवं, ओल 20 टक्क्यांच्या आत. आपल्या पावसाळ्यात उघड्यावरचं सरपण तिथवर येतच नाही. उन्हाळ्यात वाळवून आडोशाला रचलेली बाभूळ किंवा चिंच उत्तम. इंटिरिअरच्या कामातून उरलेलं प्लाय जाळू नये, त्यातल्या गोंदाचा धूर विषारी असतो. खाडीकाठच्या खारफुटीला हात लावायचाच नाही. तिच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्येच बंदी घातली. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे आग पेटवणं गुन्हा आहे.

राहिले दगड. सह्याद्रीचा काळा पाषाण फिनलंडमध्ये वापरतात त्या दगडांच्याच गोत्रातला, पण सगळा सारखा नाही. त्यातल्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची पांढरी, गुलाबी खनिजं बसलेली असतात आणि त्यांच्यात पाणी असतं. तापवल्यावर असं खनिज उकळल्यासारखं फसफसतं, हे स्वीडनच्या क्रोनस्टेट या खनिजतज्ज्ञाने 1756 मध्येच पाहिलं होतं. म्हणून भोकं आणि पांढरे ठिपके नसलेला घट्ट दगड निवडावा, आणि ओढ्यातला ओला दगड उचलून थेट शेगडीवर ठेवू नये. आतल्या पाण्याची वाफ झाली की तो फुटून कपच्या उडतात.