खात्याला चार नॉमिनी: फॉर्म भरताना आणि नंतर दावा करताना

1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला आणि एफडीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. बँकिंग कायदे (सुधारणा) अधिनियम, 2025 ची ही तरतूद राष्ट्रीयीकृत, जिल्हा, अर्बन अशा सगळ्या बँकांना लागू आहे. पतसंस्थेला नाही. ती बँक नव्हे, आणि तिथल्या ठेवीला पाच लाखांचं विमा कवचही नाही. खान्देशात हे वेगळं सांगावं लागू नये, पण लागतं.

जुना नॉमिनी आपोआप रद्द झालेला नाही. बदल हवा असेल तरच नवा फॉर्म भरा. खातं एकट्याचं, संयुक्त किंवा एकल मालकीच्या दुकानाचं चालतं. मंडळ, संस्था, हिंदू एकत्र कुटुंबाचं नाही. संयुक्त खात्यात सगळ्यांच्या सह्या लागतात. अंगठा असेल तर दोन साक्षीदार.

खरा प्रश्न पद्धत निवडण्याचा. एकाच वेळी चौघे, किंवा एकामागून एक. समजा रावेरच्या एका केळी उत्पादकाची 10 लाखांची एफडी आहे. पत्नीला 40 टक्के, दोन मुलगे आणि मुलीला प्रत्येकी 20. बेरीज 100 यायलाच हवी. तीन मुलांना 33-33-33 लिहिलं की 99 होतात आणि फॉर्म परत येतो, 34-33-33 लिहा. यातला एखादा नॉमिनी आधी वारला तर त्याच्या हिश्शापुरतं नॉमिनेशन संपतं. तो हिस्सा इतरांत वाटला जात नाही, त्याला नॉमिनी नाही असं धरलं जातं. म्हणून घरात कोणी गेलं की नवा फॉर्म द्या. एकामागून एक पद्धतीत पहिला नॉमिनी हयात असेपर्यंत दुसऱ्याचा संबंध येत नाही. लॉकरला हीच पद्धत, टक्के नाहीत.

नॉमिनी अज्ञान (18 वर्षांखालचा) असेल तर त्याच्या वतीने रक्कम घेणाऱ्या सज्ञान व्यक्तीचं नाव द्या. बचत खात्याला नॉमिनी लावला म्हणून एफडीला लागत नाही. प्रत्येक पावती तपासा. बँकेने तीन कामकाजाच्या दिवसांत पोच द्यायची असते. ती घेतल्याशिवाय सोडू नका.

नावाचा घोळ इथूनच सुरू होतो. आधारवर ‘सुनंदा’, पासबुकात ‘सुनंदाबाई’, मृत्यू दाखल्यावर माहेरचं आडनाव. फॉर्मवर आधारवरचंच नाव लिहा.

आता दावा. मृत खातेदारांच्या दाव्यांबाबतचे रिझर्व्ह बँकेचे 2025 चे निर्देश लागू करायला बँकांना 31 मार्च 2026 पर्यंतची मुदत होती. नॉमिनी असेल तर दावा अर्ज, मृत्यू दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र, एवढंच. वारस दाखला मागितला तर लेखी कारण विचारा. मात्र नॉमिनी हा रक्कम घेणारा विश्वस्त असतो. वारसांचा हक्क त्याने बुडत नाही.

नॉमिनी नसेल आणि रक्कम 15 लाखांपर्यंत (सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत) असेल तर वरच्या कागदांसोबत हमीपत्र, दावा न करणाऱ्या वारसांचं ना-हरकत पत्र, आणि वारस दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या तटस्थ व्यक्तीचं वारसांबाबतचं घोषणापत्र. त्रयस्थ जामीनदार लागत नाही. फाइल अडते ती ना-हरकत पत्रावर. एक बहीण सुरतेला, दुसरी नाशिकला, आणि सही राहिलेली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्या माहेरी आल्या की सह्या उरकून घ्या. सातबाऱ्यावरची वारस नोंद जमिनीपुरती असते, तिचा उतारा वारस दाखला म्हणून जोडू नका.

सगळे कागद दिल्यावर 15 दिवसांत निकाल लागायला हवा. बँकेमुळे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेला ‘बँक दर’ अधिक 4 टक्के व्याज, लॉकरबाबत दिवसाला 5,000 रुपये. म्हणून कागद दिल्याची तारीख आणि शिक्का आपल्या प्रतीवर घ्या, दिवस तिथूनच मोजतात.