अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद : पात्रता, वारसाक्रम आणि उत्तरदायित्व

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा राष्ट्राध्यक्ष हा राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख आणि सरसेनापती असे सारे काही असतो. एवढ्या अधिकाराच्या पदासाठी संविधानाच्या दुसऱ्या अनुच्छेदात अटी मात्र तीनच आहेत : उमेदवार जन्मतः नागरिक असावा, त्याला ३५ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि त्याचे देशात १४ वर्षे वास्तव्य असावे. शिक्षण किंवा फौजदारी शिक्षा यांचा तेथे उल्लेखच नाही. समाजवादी नेते यूजीन डेब्स यांनी १९२० ची निवडणूक अटलांटाच्या तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांहून अधिक मते मिळवली. डॉनल्ड ट्रम्प मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरले आणि नोव्हेंबरमध्ये निवडून आले. फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा विजयी झाल्यानंतर १९५१ मध्ये २२वी घटनादुरुस्ती अमलात आली. तेव्हापासून कोणालाही या पदावर दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येता येत नाही.

वारसाक्रमाबाबत मूळ संविधान संदिग्ध होते. राष्ट्राध्यक्ष वारल्यास उपराष्ट्राध्यक्षाला ते पदच मिळते की नुसता कारभार पाहायचा, हे त्यातून कळत नसे. राष्ट्राध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन एप्रिल १८४१ मध्ये, शपथ घेतल्यावर महिन्याभरातच, वारले. उपराष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांनी शपथ घेऊन आपण पूर्ण राष्ट्राध्यक्ष असल्याचे ठासून सांगितले. विरोधकांनी ‘अपघाती अध्यक्ष’ म्हणून हिणवले, पण पायंडा पडला तो पडलाच. भारतात राष्ट्रपतिपद रिकामे झाल्यास सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. अमेरिकेत उरलेली मुदत वारसच पुरी करतो. त्यामुळे तेथे वारस कोण, या प्रश्नाला फार वजन आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १८६८ चे. लिंकन यांच्या हत्येनंतर पदावर आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला, तेव्हा उपराष्ट्राध्यक्षपद रिकामेच होते. १७९२ च्या कायद्यानुसार पुढचा हक्क सिनेटचे (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे) हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड यांचा होता आणि वेड स्वतःच त्या खटल्यात मत देणारे सिनेटर होते! त्यांनी जॉन्सन दोषी असल्याचे मत दिले. मतदान ३५ विरुद्ध १९ झाले. शिक्षेसाठी लागणाऱ्या दोनतृतीयांशाला एक मत कमी पडून जॉन्सन वाचले. १८८६ च्या कायद्याने वारसाहक्क मंत्र्यांकडे नेला, तर सध्या लागू असलेल्या १९४७ च्या कायद्याने उपराष्ट्राध्यक्षानंतर प्रतिनिधिगृहाचे (कनिष्ठ सभागृहाचे) सभापती, सिनेटचे हंगामी अध्यक्ष आणि मग परराष्ट्रमंत्र्यापासून पुढे मंत्रिमंडळ असा क्रम लावला.

केनेडी यांच्या हत्येनंतर तयार झालेली २५वी घटनादुरुस्ती १९६७ मध्ये संमत झाली. तिने टायलर यांचा पायंडा संविधानात आणला आणि उपराष्ट्राध्यक्षाची रिकामी जागा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संमतीने भरण्याची सोय केली. सहा-सात वर्षांतच तिची कसोटी लागली. १९७३ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी राजीनामा दिल्यावर जेराल्ड फोर्ड उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन पायउतार होताच स्वतः राष्ट्राध्यक्ष. दोन्हींपैकी एकाही पदासाठी मतदारांनी त्यांना निवडले नव्हते. शस्त्रक्रिया वा तपासणीसाठी भूल घेताना अधिकार तात्पुरते सोपवण्याची तरतूद रेगन, धाकटे बुश आणि बायडन यांनी वापरली. उपराष्ट्राध्यक्ष आणि बहुसंख्य मंत्र्यांनी मिळून राष्ट्राध्यक्षाला असमर्थ ठरवण्याचे चौथे कलम मात्र अद्याप वापरले गेलेले नाही.

अविश्वास ठरावाने सरकार पाडण्याची पद्धत अमेरिकेत नाही. मुदतीपूर्वी हटवण्याचा मार्ग महाभियोगाचा : प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप ठेवते, सिनेट सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली खटला चालवते आणि शिक्षेसाठी तेथे दोनतृतीयांश मते लागतात. जॉन्सन, क्लिंटन (१९९८) आणि ट्रम्प (२०१९ व २०२१) यांच्यावर आरोप ठेवले गेले; दोषी कोणीच ठरले नाही. एकपक्षीय मतांवर दोनतृतीयांशाचा टप्पा गाठणे जवळपास अशक्यच. निक्सन गेले तेही स्वपक्षीयांनी साथ सोडल्यावर, प्रतिनिधिगृहात मतदान होण्यापूर्वी.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सिनेटमधील खटल्यात ट्रम्प यांच्या विरोधात ५७ आणि बाजूने ४३ मते पडली. सुटकेच्या बाजूने मत देणारे रिपब्लिकन नेते मिच मकॉनेल यांचे म्हणणे होते की पद सोडलेल्या व्यक्तीवर महाभियोग चालत नाही, तिच्यासाठी फौजदारी न्यायालये आहेत. १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तीही वाट अरुंद केली. राष्ट्राध्यक्षाच्या गाभ्याच्या घटनात्मक अधिकारांतील कृत्यांना फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण आहे, इतर अधिकृत कृत्यांना ते किमान गृहीत धरले जाईल आणि खासगी कृत्यांना मुळीच नाही, असा तो निकाल होता.