कुलूपबंद की दमलेला? ड्राइव्ह पुसला जात नाही तेव्हा

मे महिन्याची लग्नसराई आटोपते, पाऊस लागायच्या आत कॅमेऱ्याची मेमरी कार्डं रिकामी करून ठेवायची असतात, आणि नेमकं तेव्हाच एखादं कार्ड अडून बसतं. फॉरमॅट दिलं की विंडोज म्हणतं, ‘द डिस्क इज राइट प्रोटेक्टेड’. पेनड्राइव्हवरही हेच वाक्य येतं, आणि होमस्टेच्या कॅमेऱ्यातून काढलेल्या मायक्रोएसडीवरही. वाक्य एकच असलं तरी दुखणी दोन आहेत. पहिल्यात ड्राइव्ह धडधाकट असतो, फक्त कुणीतरी त्याला कुलूप घातलेलं असतं. दुसऱ्यात ड्राइव्हच्या आतल्या कंट्रोलरनं, म्हणजे त्याचा सगळा कारभार बघणाऱ्या चिपनं, स्वतःच दार लावून घेतलेलं असतं, कारण लिहायला भरवशाची जागा त्याच्याकडे उरलेली नसते. कुलपाला किल्ली असते. दमलेल्या ड्राइव्हला नसते, आणि तिच्या शोधात पाच-सहा ‘रिपेअर’ सॉफ्टवेअरं चालवली तर आतले फोटो हाताचे जायची वेळ येते.

म्हणून आधी निदान, मग उपचार.

निदान: दोन ओळी वाचायच्या

स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं उघडा. ‘डिस्कपार्ट’ लिहून एंटर, मग ‘लिस्ट डिस्क’. आकार बघून आपला ड्राइव्ह ओळखा. इथे घाई नको. पुढे ‘क्लीन’ द्यायची वेळ आली आणि आकडा चुकलेला असला तर लॅपटॉपचीच डिस्क रिकामी होईल. समजा तो २ नंबरला आहे, तर ‘सिलेक्ट डिस्क २’ आणि मग ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क’.

समोर येणाऱ्या यादीतल्या पहिल्या दोन ओळी महत्त्वाच्या: ‘करंट रीड-ओन्ली स्टेट’ आणि ‘रीड-ओन्ली’. दोन्हींपुढे ‘येस’ असेल तर विंडोजनंच या डिस्कवर खूण मारून ठेवली आहे. ते साधं कुलूप. पहिलीपुढे ‘येस’ आणि दुसरीपुढे ‘नो’ असेल तर अडवणूक त्या खुणेतून येत नाही. मग उरतात चार संशयित: कार्डाची सरकपट्टी, कार्ड रीडर, त्या कॉम्प्युटरवर लिहायला बंदी घालणारं धोरण आणि खुद्द कंट्रोलर. तोच ड्राइव्ह दुसऱ्या रीडरमध्ये, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर लावून बघितला की मधले दोघे सुटतात. सरकपट्टी डोळ्यांनी दिसते. तरीही ‘येस-नो’ कायम राहिलं, तर बहुतेक वेळा कंट्रोलरच.

तिसरी शक्यता जास्त फसवी. दोन्ही ओळींत ‘नो’ असतं, फायली डिलीट होतात, फॉरमॅट ‘कम्प्लीट’ म्हणून संपतं. कार्ड काढून पुन्हा लावलं की जुने फोटो जिथल्या तिथे. व्हायरस आहे, भुताटकी आहे असं काहीही ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात कार्ड लिहिण्याची आज्ञा घेतं, ‘झालं’ असं उत्तर देतं आणि आत काहीच लिहीत नाही. विंडोज आपल्या तात्पुरत्या आठवणीतलं चित्र दाखवत राहतं. हे दमलेल्या कार्डाचं सगळ्यात पक्कं लक्षण. असं कार्ड पुन्हा वापरात घेऊ नका, एका दिवसासाठीसुद्धा नको.

कुलूप असेल तर

मोठ्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला सरकपट्टी असते. लेबल आपल्याकडे धरून ती धातूच्या पट्ट्यांच्या टोकाकडे सरकवली की कुलूप उघडं. गंमत अशी की कार्डाला स्वतःला या पट्टीचा पत्ताच नसतो. ती कुठे आहे ते रीडरमधली छोटी स्प्रिंग चाचपते. म्हणून पट्टी तुटून पडली की चांगलं कार्डही कुलूपबंद दिसतं. त्या खाचेवर सेलोटेपचा बारीक तुकडा लावला की काम भागतं, फक्त तो धातूच्या पट्ट्यांवर जाऊ देऊ नका. मायक्रोएसडीला पट्टी नसते, ती ॲडॉप्टरला असते. ॲडॉप्टर बदलून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

विंडोजची खूण काढायला त्याच डिस्कपार्टमध्ये ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’. ती निघाली की ‘क्लीन’ द्या, मग नवं पार्टिशन करून फॉरमॅट. ‘क्लीन’नं फक्त पार्टिशनची मांडणी जाते, फायली आत तशाच पडून राहतात. ड्राइव्ह दुसऱ्याला द्यायचा असेल तर ‘क्लीन ऑल’, म्हणजे प्रत्येक सेक्टरवर शून्य. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह सेकंदाला २० एमबी वेगानं लिहीत असेल तर याला पाऊण तासाहून थोडा जास्तच वेळ लागतो.

रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतल्या, ‘स्टोरेजडिव्हाइसपॉलिसीज’ या नोंदीबद्दल बरंच लिहिलेलं आढळतं. ती असेल आणि तिच्यात ‘राइटप्रोटेक्ट’ १ असेल तर ० करा आणि मशीन रीस्टार्ट करा. नोंदच नसेल तर ती नव्यानं तयार करून ० लिहिण्यात काही अर्थ नाही. नसणं म्हणजेच कुलूप नसणं. पतपेढीच्या किंवा शाळेच्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हवर लिहायला मुद्दाम बंदी घातलेली असते. तिथे खटपट करू नका, घरच्या मशीनवर पुसा.

लॅपटॉपमधून काढलेल्या डिस्कवर एखादं छोटं पार्टिशन उरतं आणि ‘डिलीट व्हॉल्यूम’ करडं दिसतं. ते बूटचं किंवा रिकव्हरीचं राखीव पार्टिशन असतं, बिघाड नव्हे. ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’नं जातं.

साटा केबलनं जोडायच्या एसएसडीला स्वतःलाच सगळं पुसायला सांगणाऱ्या ‘सिक्युअर इरेज’ या आज्ञेला लिनक्समध्ये ‘फ्रोझन’ असं उत्तर आलं तर तेही कुलूपच. बरेच बायोस मशीन सुरू होतानाच ही सोय गोठवतात. मशीन स्लीपमध्ये घालून उठवलं की बहुधा ‘नॉट फ्रोझन’ दिसतं. पण या पद्धतीत आधी डिस्कला पासवर्ड लावावा लागतो. मध्येच लाइट गेली तर डिस्क पासवर्डसकट बंद होऊन बसते. पावसाळ्यात, डेस्कटॉपवर, यूपीएसशिवाय हे करायला बसू नये. पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा आणि यूएसबीच्या डब्यातून तर हे करूच नये.

दमलेला असेल तर

फ्लॅश मेमरीचा प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो. आजच्या साध्या टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) चिपसाठी ढोबळ आकडा हजार ते तीन हजार. काही ब्लॉक राखीव असतात. खराब झालेल्यांच्या जागी ते वापरून संपले की नीट बनवलेला कंट्रोलर लिहिणं थांबवतो, वाचू मात्र देतो. ही त्याची मेहेरबानी समजा.

घरच्या कॅमेऱ्याचं गणित बघा. २ एमबीपीएसनं (सेकंदाला दोन मेगाबिट) चोवीस तास रेकॉर्डिंग म्हणजे दिवसाला साधारण २१.६ जीबी. ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसांत भरतं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं जातं. वर्षाला सुमारे १२० फेरे. ४ एमबीपीएस ठेवलं तर दुप्पट. कंट्रोलरची आतली हलवाहलव आणि पत्र्याखालची उष्णता यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. कॅमेऱ्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं कार्ड घ्यायचं ते याच कारणानं.

पण झिजूनच दमतो असंही नाही. लिहिणं चालू असताना वीज गेली तर कोणता डेटा कुठे आहे हे सांगणारा कंट्रोलरचा तक्ता अर्धवट राहू शकतो. असा पेनड्राइव्ह नवा कोरा असूनही अडतो, किंवा ‘नो मीडिया’ आणि ० बाइट दाखवतो.

एनव्हीएमई, म्हणजे नव्या, वेगवान प्रकारची एसएसडी स्वतःहून कबुली देते. ‘स्मार्टसीटीएल’ या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या प्रोग्रामनं अहवाल काढा; ‘क्रिटिकल वॉर्निंग’मध्ये ०एक्स०८ दिसलं तर माध्यम रीड-ओन्ली झालं आहे. ‘अव्हेलेबल स्पेअर’ही (उरलेली राखीव जागा) बघा. फिरणारी हार्ड डिस्क सहसा रीड-ओन्ली होत नाही. ती रेंगाळते, फॉरमॅट एकाच टक्क्यावर तासभर अडतं. तिथे याच अहवालातल्या ५ आणि १९७ क्रमांकाच्या नोंदी वाचायच्या: बदललेले सेक्टर आणि संशयित सेक्टर. १९७ वाढत असेल तर फॉरमॅट सोडा, कॉपी सुरू करा.

खाऱ्या हवेचं सोंग

किनाऱ्यावर एक तिसरा प्रकार या दोघांचंही सोंग घेतो. जून ते सप्टेंबर उघड्यावर राहिलेल्या रीडरच्या, कार्डाच्या आणि साटा केबलच्या धातूवर हिरवट-काळा थर चढतो. सरकपट्टी चाचपणारी स्प्रिंग गंजली की कुलूप नसताना कुलूप दिसतं. डेटाच्या पट्ट्या खराब झाल्या की मध्येच ‘आय/ओ एरर’. हार्ड डिस्कवर याची खूण त्याच अहवालातल्या १९९ क्रमांकाच्या नोंदीत सापडते; केबलवरून जाताना डेटात झालेल्या चुका ती मोजते. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा केबल बदलल्यावर वाढतो की थांबतो ते बघा. थांबला तर डिस्क निर्दोष.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. कापसाची काडी त्यात बुडवून पट्ट्या एकाच दिशेनं पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. खोडरबरनं घासायचा सल्ला मिळतो, पण त्यानं पातळ सोनेरी मुलामाही निघतो. पुराच्या पाण्यात भिजलेली हार्ड डिस्क मात्र पुसून लावून बघू नका. करंट दिलात की आतला गाळ तबकडी वाचणाऱ्या डोक्याखाली येतो.

पुसताच येत नाही, मग टाकायचा कसा

दमलेल्या ड्राइव्हवरून आधी हवं ते कॉपी करून घ्या, एका बैठकीत, महत्त्वाचं पहिलं. मग खरी अडचण उरते: आधारच्या प्रती, सातबारा, बँकेचे कागद आत आहेत आणि पुसले जात नाहीत. वॉरंटीत द्यायचा तर तो या सगळ्यासकट जाणार. कागद खाजगी असतील तर नव्या पेनड्राइव्हचे पैसे गेलेले परवडले. लोहचुंबकाचा फ्लॅशवर काही परिणाम होत नाही. पेनड्राइव्हचं कवच उघडून मोठ्या काळ्या चौकोनी चिपचेच तुकडे करावे लागतात, मायक्रोएसडी आडवी मधोमध कापावी लागते, एसएसडीवर प्रत्येक मेमरी चिप फोडावी लागते. जाळू नका. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कच्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात, हातोडा मारण्याआधी डिस्क गोणपाटात गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा घाला. तुकडे ई-कचऱ्यात.

नवा ड्राइव्ह घेतल्याच्या दिवशीच बिटलॉकर (आतलं सगळं सांकेतिक करून ठेवणारी विंडोजची सोय) लावला असेल तर यातलं बरंच टळतं: उद्या तो अडला तरी किल्ली नष्ट केली की आतलं कुणाला वाचता येत नाही. फक्त ती किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात आणि फाइलला लावलेल्या छापील कागदावरही असते, तिथूनही काढायला हवी.