पर्ल बंद पडली, हे कितपत खरं?

‘पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा कधीच बंद पडली, शिकू नका,’ हा मेसेज सोलापुरातल्या कॉम्प्युटर क्लासच्या ग्रुपांवर अधूनमधून फिरतो. तसं वाटणं साहजिक आहे. चालू आवृत्ती पर्ल 5 असताना पर्ल 6 ची घोषणा झाली 2000 मध्ये आणि ती हाती पडली थेट 2015 च्या नाताळात. एवढ्या काळात पर्ल 5 आता मोडीत निघणार, असाच समज पसरला. प्रत्यक्षात 6 ही वेगळीच भाषा निघाली; 2019 मध्ये तिचं नाव राकू झालं. त्या 6 च्या आकड्यानंच घात केला, असं माझं मत.

पर्ल 5 च्या नव्या आवृत्त्या मात्र येतच राहिल्या. पडताळायचंय? बहुतेक लिनक्स मशिनांवर ती आधीपासूनच असते. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, इंग्रजीत लहान अक्षरांत पर्ल लिहा, जागा सोडून वजाचं चिन्ह आणि लहान व्ही. आवृत्तीखाली कॉपीराइटची सालं दिसतील: पहिलं 1987, दुसरं 2000 च्या बरंच पुढचं. नोकऱ्या पायथनएवढ्या नाहीत, तेवढं खरं.