बीपीची गोळी, क्रिएटिनिन आणि रेनिनचं गणित

टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल ही बीपीची गोळी सुरू करून दोन आठवडे झाले, रिपोर्ट आला आणि क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) 1.2 वरून 1.4 वर गेलेलं दिसलं, की घरचे धास्तावतात: गोळीनं किडनी बिघडवली! बहुतेकदा तसं नसतं. घाबरून परस्पर गोळी बंद केली, तर मात्र नुकसान होतं.

एका किडनीत सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येकीत एका बारीक धमनीतून रक्त येतं आणि दुसरीतून बाहेर पडतं. रक्तदाब उतरला किंवा अंगातलं मीठ-पाणी घटलं, की आत येणाऱ्या धमनीच्या भिंतीतल्या पेशी रेनिन हे विकर (एन्झाइम) सोडतात. यकृतात तयार झालेल्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनापासून रेनिन अँजिओटेन्सिन-1 वेगळं करतं. मग एसीई हे विकर, मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत, त्याचं अँजिओटेन्सिन-2 करतं. खरी ताकद याच्यात. ते अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि किडन्यांवरच्या अधिवृक्क ग्रंथींकडून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडवून घेतं. अल्डोस्टेरॉन सोडियम राखतं, पोटॅशियम लघवीवाटे घालवतं.

किडनीत अँजिओटेन्सिन-2चा जोर बाहेर जाणाऱ्या धमनीवर जास्त असतो. ती आवळली की गाळणीतला दाब टिकतो. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं तरी रक्त गाळलं जातं, ते यामुळेच. मधुमेहात मात्र हाच दाब वर्षानुवर्षं चढा राहतो, गाळणी खराब होत जाते आणि लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन जाऊ लागतं. रामिप्रिल एसीईला अडवतं, टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिन-2चं काम रोखतं; अशा रीतीनं या गोळ्या ती बाहेर जाणारी धमनी सैल करतात. दाब उतरतो, गाळण जरा मंदावतं, म्हणून क्रिएटिनिन थोडं चढतं. गोळी सुरू केल्यावर महिन्याभरात 30 टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात. त्याहून जास्त झाली, तर किडनीच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत का, हे बघावं लागतं.

क्रिएटिनिनइतकंच पोटॅशियमकडेही लक्ष हवं, कारण अल्डोस्टेरॉन घटलं की ते साठतं. 5.5 च्या वर गेलं तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. बीपीसाठी चांगलं म्हणून आणलेल्या लो-सोडियम मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असतं. किडनी कमजोर असेल तर ते नकोच.

सगळ्यात वाईट मेळ म्हणजे ही गोळी, लघवीची गोळी आणि अंगदुखीवर घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन. वेदनाशामक आत येणारी धमनी आकसवतं, बीपीची गोळी बाहेरची सैल ठेवते, लघवीच्या गोळीनं पाणी आधीच कमी केलेलं असतं. गाळणीत दाब उरतच नाही. जोराचे जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ही बीपीची गोळी तात्पुरती थांबवायची का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारा. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच सांगा. गरोदरपणात या गोळ्या चालत नाहीत, बाळाच्या किडन्यांना त्यांनी इजा होते.