बेडसोरच्या शस्त्रक्रियेमागचा इतिहास

निपाणी, चिकोडी, खानापूर भागात झाडावरून किंवा ट्रॉलीवरून पडून मणक्याला मार बसलेला, कमरेखाली लुळा पडलेला माणूस बेळगावात नाहीतर सीमेपलीकडे मिरजेत प्लास्टिक सर्जनकडे जातो, तो बरेचदा बेडसोर, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून झालेला व्रण, हाडापर्यंत पोचल्यावर. तिथं घरच्यांना ‘फ्लॅप टाकावा लागेल’ असं सांगतात, म्हणजे शेजारचा जिवंत भाग त्याच्या रक्तपुरवठ्यासकट सरकवून खड्डा बुजवावा लागेल. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल १८९४ सालचं, पण तेव्हा असा फ्लॅप कुठंच नव्हता.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसचा मज्जाविकारतज्ज्ञ शार्को याचं मत असं की, मज्जासंस्थेला इजा झाली की हे व्रण होणारच. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकारनं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून उलट दाखवलं होतं : दाब आणि ओल टाळली तर लुळ्या अंगावरही व्रण होत नाहीत. वजन मात्र शार्कोच्या शब्दाला. पहिल्या महायुद्धात मणक्याला जखम झालेले बहुतेक सैनिक बेडसोर आणि लघवीच्या संसर्गानं दगावले.

१९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात डॉक्टर लुडविग गुटमन आले आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त लागली. त्याच सुमारास पेनिसिलिन आलं, म्हणून जखम कापून शिवून बंद करणं शक्य झालं. माझ्या मते खरं वळण कूस बदलण्याचं. सुरी मागून आली.

पुढचा टप्पा हाडाचा. बसताना टेकणारं हाड टोचतं, तर ते काढूनच टाका, असा विचार झाला. एका बाजूचं काढलं की भार दुसऱ्या बाजूवर. दोन्ही काढली की थेट मूत्रमार्गाजवळ व्रण आणि तिथून लघवी गळायला सुरुवात. आता हाड बेतानंच तासतात.

१९७० च्या दशकात नितंबाचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट सरकवून खड्डा भरू लागले. गादीसारखा उपयोग होईल ही अपेक्षा होती, पण दाबाखाली स्नायू कातडीच्या आधी मरतो. १९९३ मध्ये जपानचे सर्जन कोशिमा यांनी स्नायू जागेवर ठेवून, त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर फक्त कातडी-चरबीचा फ्लॅप उचलायची पद्धत मांडली.

तरीही व्रण परततात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्या जागेवर भार चालत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत रात्री उठून कूस वळवायला घरात कोण, हे आधीच ठरवावं लागतं. जाणता सर्जन पहिलाच फ्लॅप मोठा आखतो, टाके टेकणाऱ्या हाडापासून लांब ठेवतो, म्हणजे पुढं लागलाच तर तोच फ्लॅप पुन्हा सरकवता येतो.